रुद्रमाळचा कडेलोट

कार्तिकातली पहाट होती. रुद्रमाळगडाच्या पायथ्याशी धुके दाटले होते आणि त्या धुक्यातून गडाचा काळा माथा तटबुरुजांसह वर निघालेला होता. खाली खोऱ्यात गनिमाची छावणी दोन महिन्यांपासून तळ देऊन बसली होती. तिच्या नौबतीचा आवाज रोज याच वेळी वर येई आणि गडकरी कान टवकारत. आज मात्र त्या आवाजाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. पेठेतले उदमी, माचीवरचे गडकरी, बलुतेदार, कडेवर पोरे घेतलेल्या बाया, सारे सूर्य उगवायच्या आत सदरेसमोर येऊन बसले होते. त्यांना सटवा नाईकाचा निकाल ऐकायचा होता.

आठ दिवसांपूर्वी गडाच्या चोरदिंडीतून, म्हणजे एक माणूस वाकून जाईल एवढ्या तटातल्या गुप्त दारातून, गनिमाची एक तुकडी आत शिरली होती. गडाच्या शिबंदीचे सरनोबत धारराव सणस यांनी तिला कापून काढले. परंतु त्या झटापटीत गडाची अकरा माणसे पडली, आणि पहिला पडला तो धाररावांचा एकुलता एक मुलगा रायाजी. वय अवघे वीस. माघात त्याचे लग्न व्हायचे होते.

दिंडीचे कुलूप मोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. किल्ली असे सटवा नाईक रामोशाच्या कमरेला, आणि पहाराही त्याचाच होता. पेठेला तेवढे पुरेसे झाले.

सदरेवर चिकाच्या पडद्याआड आईसाहेब बसल्या होत्या. राजे अजून लहान होते आणि राज्याचा भार त्यांच्यावर होता. पुढे कारभारी दिनकरपंत, आणि अंगणात, बेड्या घातलेला, मारामुळे एक डोळा मिटलेला सटवा.

"कुलूप म्या लावलं व्हतं," तो आठ दिवस सांगत होता तेच त्याने पुन्हा सांगितले. "किल्ली कंबरेची सुटली न्हाई. दुसरी किल्ली कारखान्यात असायची, सरकार. तिचं इचारा."

गडाच्या कोठाराचे कारखानीस गणोबा पुढे आले. त्यांनी बेलभंडार उचलून शपथ वाहिली की दुसरी किल्ली तीन वर्षांपूर्वी टाक्यात पडली ती पडलीच. गणोबांच्या शब्दावर कोण शंका घेणार? त्यांच्या घरी रोज दहा पाने उठत.

"कडेलोट!" मागून कोणीतरी ओरडले आणि सारे अंगण तोच शब्द घेऊन उठले.

दिनकरपंतांनी हात वर करून लोकांना शांत केले. "आईसाहेब, सर्वांत मोठा घाव सरनोबतांना बसला आहे. त्यांची मागणी काय ती त्यांनीच सांगावी."

धारराव उठले. आठ दिवसांत त्यांची दाढी पांढरी पडली होती. ते काय मागणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. म्हणूनच ते बोलू लागले तेव्हा लोकांना प्रथम काही उमजलेच नाही.

"आईसाहेब, याला बेडी असू द्यावी. जन्मभर अंधारकोठडीत ठेवावा. पण याचा जीव घेऊ नये. रायाजी पडला तेव्हा मी तिथं लढत होतो, तरी दार कोणी उघडलं हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते इथं बसलेल्या कोणीच पाहिलेलं नाही. उद्या चूक निघाली तर कोठडीचं दार उघडता येईल. कड्यावरून टाकलेला माणूस कोणाला परत वर आणता येईल?"

मग एक म्हातारा, ज्याचा जावई त्या अकरांत पडला होता, छाती बडवत ओरडला, "पोटचा पोर गेला अन् रामोशाची बाजू घेता? किती मिळालं, सरनोबत?"

दिनकरपंत पडद्याजवळ गेले. ते बोलले हळूच, पण धारराव जवळ होते, त्यांना ऐकू आले. "खरंखोटं देव जाणे, आईसाहेब. पण ही माणसं चिडून गड उतरली तर उद्या तटावर उभं कोणाला करायचं? लोकांना आज कोणीतरी हवा आहे. तो दिला नाही, तर ते आपल्याकडे वळतील."

पडद्याआडून आईसाहेबांचा आवाज आला. तो कापत होता, तरी शब्द स्पष्ट होता.

"कडेलोट."

सटवाला कड्याकडे नेले तेव्हा ऊन वर आले होते. धारराव बरोबर चालले; तेवढे तरी आपण करावे, असे त्यांना वाटले. कड्याच्या टोकाशी सटवाने मान वळवली.

"सरकार, धाकल्या धन्यानं पानी मागितलं व्हतं. त्याचं डोस्कं माज्या मांडीवर व्हतं. म्या पानी आनाया उठलो, तवर..." त्याने खाली दरीकडे पाहिले. "त्येवढं राहून गेलं बगा."

धाररावांनी डोळे मिटून घेतले. लोकांचा जयजयकार झाला. मग त्या गर्दीतून एका बाईचा आवाज आला, सटवाच्या बायकोचा, ठकीचा. रड नव्हती ती. कोणी वार केल्यावर निघावा तसा एकच आवाज होता.

त्या दिवशी घरी धाररावांच्या पत्नी सगुणाबाईंनी त्यांना पान वाढले नाही. "तुम्ही आपल्या रायाजीसाठी एक शब्द बोलला नाहीत," एवढेच म्हणाल्या आणि माजघरात निघून गेल्या. त्यानंतर त्या घरात बोलणे असे राहिलेच नाही.

फाल्गुनात गनिमाच्या छावणीत पटकीची साथ शिरली आणि छावणी रातोरात उठली. मागे राहिलेल्या तंबूत कागदांची एक पेटी सापडली. तिच्यात गणोबा कारखानिसांच्या हातचे, त्यांच्याच मोर्तबाचे पत्र होते: दिंडी अमुक दिवशी उघडी राहील, मोबदल्यात दोन गावांची देशमुखी मिळावी. गणोबांच्या देवघरात झडती घेतली तेव्हा देवांच्या पाटाखाली ती दुसरी किल्ली निघाली. त्यांनी नाकारले नाही. ते नुसते खाली बसले.

सदरेसमोरचे अंगण पुन्हा भरले, आणि तेच लोक, तोच शब्द, त्याच जोराने ओरडू लागले. गणोबांना वाटेत दगड लागले होते. कपाळावरून रक्त ओघळत होते. दिनकरपंतांनी पूर्वीसारखेच सरनोबतांकडे बोट केले: "आज तर संशयालाही जागा नाही. लोक मागतात तोच दंड सरनोबतांनीही आज मागावा."

धारराव उठले. त्यांनी गणोबांकडे पाहिले आणि त्यांचा उजवा हात आपोआप तलवारीच्या मुठीवर गेला. तो हात तिथून काढायला त्यांना किती बळ लागले, हे पुढच्या रांगेतल्यांनी पाहिले.

"आईसाहेब, त्या दिवशी मी म्हणालो होतो की मला ठाऊक नाही. आज मला ठाऊक आहे. माझा रायाजी या माणसानं मारला. याला दहा वेळा कड्यावरून टाकलं तरी माझं पोट भरायचं नाही. आणि तरी मी सांगतो, टाकू नये."

"का पण?" कोणीतरी किंचाळले.

"कारण सटवाला टाकला तेव्हा मी कड्यावर होतो. तुम्हीही होता. रायाजी परत आला नाही. माझ्या घरात चूल थंड ती थंडच राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानं उघडलीत आणि म्हणालात, न्याय झाला." ते एक पायरी उतरून लोकांसमोर आले. "गड्यांनो, दंड जिवाला जीव असाच असेल, तर एक निरपराध माणूस आपण सगळ्यांनी मिळून मारला. त्याबद्दल आता कोणाला कड्यावर न्यायचं? आधी मला न्या. मी सरनोबत होतो. मी एकदा बोललो आणि गप्प बसलो."

एक दगड आला आणि त्यांच्या खांद्याला लागला. धारराव हलले नाहीत. दुसरा दगड आला नाही. जावई गमावलेला तो म्हातारा पहिल्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली आणि तो हळूहळू अंगणातून बाहेर निघाला. त्याच्यामागे आणखी काही जण निघाले.

या वेळी आईसाहेब पडदा सारून पुढे आल्या. त्यांनी गणोबांना जन्मठेप सांगितली. आणि आपला शिक्का चालेल तोवर रुद्रमाळच्या कड्यावरून कोणालाही लोटू नये, असा हुकूम लिहवून घेतला. दिनकरपंतांनी तो लिहिला, पण धाररावांकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिले नाही.

सटवाच्या घराला एक शेत इनाम द्यावे असे ठरले. ठकीला बोलावले. ती आली, हात न जोडता उभी राहिली.

"शेत नको," ती म्हणाली. आणि मग धाररावांकडे वळली. "आज तुमचं समद्यांनी ऐकलं, सरनोबत. त्यो तर खरा चोर. माज्या मान्साच्या वक्ताला का ऐकलं न्हाई?"

ठकीने उत्तराची वाट पाहिली नाही.

"त्याची हाडं तेवढी द्या. दुसरं काय नको."

कडेलोट झालेल्याला वर आणायचे नाही, असा जुना दंडक होता. आईसाहेबांनी तो मोडला. पण त्या दरीत उतरायला कोणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी धाररावांनी कमरेला दोर बांधला, आणि वयाच्या पन्नाशीत, चार माणसांच्या हाती जीव देऊन, ते कड्यावरून खाली उतरू लागले.

तळाशी कारवीचे रान माजले होते. ते बाजूला सारताच धारराव थबकले. तिथे एका माणसाची हाडे नव्हती. किती पिढ्यांची, कोणत्या कोणत्या सदरेने धाडलेली, कोल्ह्यांनी ओढून विखुरलेली, पावसाने धुतलेली, झाडांच्या मुळांत अडकलेली हाडे साऱ्या उतारावर पसरली होती. त्यातली सटवाची कोणती, हे कळायला मार्ग नव्हता. मग ते खाली बसले आणि हाताला येईल ते उचलून, अंगावरच्या शेल्यात बांधू लागले. शेला भरला तेव्हा त्यांनी पागोटे सोडले.

सूर्य कलता झाला तेव्हा गाठोडी वर आली. ठकीने ती उघडून पाहिली आणि तिला समजले. माचीखालच्या ओढ्याकाठी रचलेल्या लाकडांवर तिने स्वतःच्या हाताने सारी हाडे मांडली, एकही न वगळता, आणि अग्नी दिला.

धारराव दूर उभे होते. जवळ जाण्याचा आपल्याला हक्क आहे असे त्यांना वाटेना. तेवढ्यात माचीच्या पायऱ्यांवरून सगुणाबाई उतरताना दिसल्या. त्या नवऱ्याच्या शेजारून पुढे गेल्या, ओढ्याचे पाणी तांब्यात भरून घेतले आणि ठकीजवळ मातीत बसल्या. ठकीने तांब्या घेतला, पण पाणी प्याली नाही. दोघी आगीकडे पाहत राहिल्या, अंधार पडेपर्यंत.