एक नंबरची खिडकी

फोन सकाळी सात वाजता आला. वादळ पहाटेच ओसरलं होतं.

"मॅडम, शटर उडालं," वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले. "वरच्या मजल्यावरचं, समुद्राकडच्या कोपऱ्यातलं. काच फुटून आत आली. शिंपीकाकांच्या डोळ्यात गेली."

"बाकीची पाच?"

"जागच्या जागी. एकच गेलं."

फोनवर होत्या नगरपालिकेच्या तपासनीस बाई. त्यांचा शिक्का असल्याशिवाय गावात खिडकीवर बाहेरून बसवायचं पत्र्याचं एकही वादळी शटर मंजूर होत नसे. वीस वर्षांत त्यांनी मंजूर केलेलं एकही शटर उडालं नव्हतं, आणि हे त्या दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून बसल्यावरसुद्धा सांगायच्या. एकच शटर उडतं याचा अर्थ बसवणाऱ्याने बोल्ट आखूड मारले, हे त्यांना गाडीत बसायच्या आधीच ठाऊक होतं. अहवालात 'दोषी' या रकान्यात त्यांनी पेन्सिलने लिहूनही टाकलं: मिस्त्री. हा कागद कचेरीत गेला की मिस्त्रीचा परवाना जाणार होता.

आश्रमाच्या अंगणात उभं राहून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर सहा खिडक्या ओळीने. डाव्या टोकाला शेजारचं गोदाम भिंतीला भिंत लावून उभं. उजवं टोक समुद्रावर मोकळं. त्या मोकळ्या टोकाची खिडकी उघडी पडली होती, आणि तिचं शटर खाली चिखलात होतं.

मिस्त्री पायरीवर बसला होता. कोणी त्याला चहा विचारलेला दिसत नव्हता.

"बोल्ट किती लांब?"

"चार इंची, बाई. प्लॅस्टर सोडून आत पक्क्या भिंतीत."

"ते मी बघते."

त्या शिडी चढल्या. सगळे बोल्ट भिंतीत घट्ट होते. शटर धरून ठेवणारी पट्टीही सरळ होती. पत्राच मधून वाकून पट्टीतून निसटला होता. हे बघून एका माणसाचा परवाना वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. बाईंना राग आला, कारण त्यांचा अंदाज चुकला होता.

खाली येऊन त्यांनी शटरची कड पुसली. कडेला हिरवा ठिपका निघाला.

"हिरवं?" त्या ओरडल्याच. "कोपऱ्याला हिरवं कुणी लावलं?"

हिरव्या ठिपक्याचं शटर पातळ, भिंतीच्या मधल्या खिडक्यांसाठी. लाल ठिपक्याचं दुप्पट जाड, मोकळ्या कोपऱ्यासाठी. वारा कोपऱ्याला वळसा घालतो तेव्हा तिथला पत्रा सगळ्यात जोरात ओढतो. इथे सहांपैकी एक शटर लाल मंजूर झालं होतं. मग ते गेलं कुठे?

ते दुसऱ्या टोकाला सापडलं. गोदामाला चिकटलेल्या, वाऱ्याच्या आडोशातल्या खिडकीवर लाल शटर ऐटीत बसलं होतं.

वरचा मजला म्हणजे एक लांब दालन, दोन्ही बाजूंना खाटा. गोदामाकडच्या टोकाला फळ्यांचा आडोसा करून कोणीतरी टेबल मांडलं होतं.

"इथे कोण बसतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," व्यवस्थापक म्हणाले.

"म्हणजे सगळ्यात मजबूत शटर तुमच्या डोक्याशी. अदलाबदल कधी केलीत?"

"मॅडम, मला बल्ब बदलता येत नाही हो. शटर कुठून बदलणार?"

"माणूस लावून बदलता येतं."

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. खाटांवरचे म्हातारे उठून बसले. बाई खाली जाऊन पुन्हा शिडीवर चढल्या, या वेळी जोशात. जाड शटरची पट्टी रुंद असते, पातळ शटरची अरुंद. शटर बदललं तर पट्टी बदलावी लागते आणि भिंतीत दुसरी भोकं पडतात. दोन्ही टोकांना त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. दुसरं एकही भोक नव्हतं.

म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. व्यवस्थापक सुटले. बाईंनी त्यांची माफी मागितली नाही.

"मिस्त्री, पहिल्या दिवसापासून असंच लावलंत?"

"हो, बाई."

"का?"

"तक्त्याप्रमाणे लावलं."

"वीस वर्षं हेच काम करता. शंका आली नाही?"

मिस्त्रीचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला.

कुठल्या खिडकीला कुठलं शटर ते दाखवणारा तक्ता व्यवस्थापकांच्या टेबलामागे टाचलेला होता. सहा चौकोन. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीक आडवी दांडी, तिला छोट्या कड्या. अगदी डावीकडच्या चौकोनात 'एक, कोपरा, लाल'. खाली बाईंची सही.

अंगणातून पाहिलं तर कोपरा उजवीकडे होता. तक्त्यात तो डावीकडे होता. बाईंनी कागद उजेडात धरला. खाडाखोड नव्हती.

"यात कुणीतरी फेरफार केलाय," त्या म्हणाल्या. आपलंच अक्षर ओळखून कानशिलं तापली होती, तरी म्हणाल्या.

तेवढ्यात शिंपीकाकांना इस्पितळातून आणलं. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. ते हट्टाने फुटक्या खिडकीखालच्या आपल्याच खाटेवर बसले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही आश्रमातल्या सगळ्यांची बटणं तेच लावायचे.

"डॉक्टर काय म्हणाले, काका?"

"आठ दिवसांनी पट्टी काढू म्हणाले. दिसेल का ते सांगेनात." त्यांनी उरलेला डोळा बाईंवर रोखला. "चूक कुणाची?"

"शोधतेय. माप बरोबर, माल बरोबर, बोल्ट बरोबर. आणि तरी जाड शटर भलत्याच टोकाला."

"माझं असं झालं होतं एकदा. नवीन होतो. कोट शिवला, तर दोन्ही बाह्या डाव्या! माप सुतभरही चुकलं नव्हतं. कापड उलटं अंथरलं होतं आणि मी सुलट समजून खडू मारला."

बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आत, दालनात. समुद्राकडचा कोपरा आता त्यांच्या डाव्या हाताला होता. खिडकीच्या डोक्यावर पडद्याची दांडी होती, तिला कड्या होत्या.

त्यांना खाली बसावंसं वाटलं. पण बसायला जागा फक्त काकांच्या खाटेवर होती.

"मिस्त्रींना आत बोलवा," त्या म्हणाल्या. "तुम्हीही थांबा, व्यवस्थापक. सगळ्यांनीच ऐका."

त्यांनी तक्ता सगळ्यांना दिसेल असा धरला.

"शटर बाहेरून लागतं, म्हणून तक्ता अंगणात उभं राहून काढायचा असतो. नव्या माणसांना हा नियम मीच शिकवते. हा तक्ता मात्र आतून काढलाय. या दांड्या बघा, पडद्याच्या आहेत. अंगणातून त्या दिसतात का?"

"त्या दिवशी पाऊस होता," व्यवस्थापक हळूच म्हणाले. "तुम्ही माझ्या टेबलाशी चहा घेत..."

"हो. आतून डावीकडचा कोपरा, तो एक नंबर. मिस्त्री बाहेर उभे राहून डावीकडून मोजणार, सगळेच मोजतात. त्यांचा एक नंबर गोदामाशी आला."

"पण नंतर तुम्ही तपासायला आला होतात ना?"

"आले होते. अंगणात उभी राहिले. हातात हाच कागद. कागदावर डावीकडे लाल, भिंतीवर डावीकडे लाल. जुळलं, शिक्का मारला. कोपरा कुठे आहे ते मान वर करून पाहिलं नाही." त्यांनी तक्ता खाली घेतला. "दोषी मी आहे."

मिस्त्रीने खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. तक्त्याचीच नक्कल होती. कडेला पेन्सिलने लिहिलं होतं: 'जाड शटर गोदामाकडे येतंय. बरोबर आहे का?' त्याखाली बाईंच्या अक्षरात: 'तक्त्याप्रमाणे लावा.' सही.

त्यांना हे आठवतही नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

"सकाळीच का नाही दाखवलंत? मी तुमचा परवाना घालवायला निघाले होते."

"चारचौघांत कसं दाखवणार, बाई? वाटलं, तुम्हालाच आठवेल." मिस्त्री जमिनीकडे बघत होता. "आणि मला कळत होतं ना. कळत असून लावलं. काकांसमोर मान वर करवत नाही."

बाईंनी अहवाल काढला. पेन्सिलचं 'मिस्त्री' खोडलं आणि तिथे पेनाने स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर तक्त्यावरच्यासारखंच आलं.

मग त्या काकांच्या खाटेशी वाकल्या. माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारून बसल्या.

"काका, त्या कोटाचं पुढे काय केलंत?"

"काय करणार? पदरचं कापड आणलं, नवा कोट शिवला आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन दिला." काकांनी पट्टीवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही काय द्याल, बाई?"

बाई वाकलेल्याच राहिल्या.