दार उघडलं की दिवा लागतो

मी गाडीचं दार उघडलं आणि अख्खं माळरान माझ्यावर ओरडलं.

"दिवाऽऽ!"

"कोण आहे तो गाढव?"

मला फक्त स्वेटर हवा होता. पण दार उघडलं की गाडीतला दिवा लागतो, आणि नेब्रास्कातल्या आमच्या तारे बघणाऱ्यांच्या मेळाव्यात पांढरा उजेड म्हणजे खुनाच्या खालोखालचा गुन्हा. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. मी सगळ्यांचा तो अर्धा तास एका स्वेटरपायी वाया घालवला होता. तोही मावशीचा. त्यावर हरीण होतं.

तेवढ्यात कुणीतरी धावत आलं आणि माझ्यावर, दिव्यावर, हरणावर... सगळ्यांवर मिळून एक घोंगडी पडली.

"हलू नकोस," घोंगडीत कुणीतरी कुजबुजलं. "दार हळूच लाव. आता वाकून सटकायचं. ज्याचा दिवा लागतो, त्याला शेवटच्या सकाळी सगळ्यांसाठी पॅनकेक भाजावे लागतात. येतात तुला?"

"नाही."

"मग पळ!"

उजेडानं माझे डोळे दिपले होते. कुजबुजणाऱ्याच्या जागी मला नुसता एक मोठा हिरवा डाग दिसत होता. त्या डागानं माझी बाही धरली आणि मला त्याच्या दुर्बिणीपाशी नेलं.

"डोळा लाव. हात लावू नकोस."

मी डोळा लावला. डोळे सरावले तसा अंधारात एक धूसर, लांबट ढग तरंगू लागला... कुणीतरी काचेवर हलकेच फुंकर मारल्यासारखा.

"देवयानी दीर्घिका," तो म्हणाला. "हा उजेड पंचवीस लाख वर्षं चालत आलाय. आणि अगदी दाराशी पोचला, तेव्हा तू त्याच्या तोंडावर दिवा लावलास."

"त्याला सॉरी सांग."

"सांगतो. उत्तर यायला थोडा वेळ लागेल."

मी हसले आणि दुर्बीण हलली. देवयानी गेली.

"म्हटलं होतं, हात लावू नकोस!"

"हात नाही लावला. नाक लागलं."

"मोठं आहे?"

"उजेडात बघ."

वाऱ्यानं गवत सळसळलं, त्याची बाही माझ्या बाहीला लागली आणि दोघांपैकी कुणीच ती बाजूला घेतली नाही. तेवढ्यात लोर्ना मावशीनं गाडीपाशी "थिया!" म्हणून इतक्या दबक्या आवाजात हाक मारली की ती फक्त मला आणि कोल्ह्यांना ऐकू गेली. मी निघाले. तंबूत शिरल्यावर लक्षात आलं, आपण त्याचं नावच विचारलं नाही.

यात माझी चूक नाही. अंधारात इथे कुणी नाव विचारत नाही. तुमच्या दुर्बिणीचा आरसा किती इंची, एवढंच विचारतात. त्याचा बारा इंची होता. माझ्याकडे दुर्बीणच नव्हती, म्हणजे मी जवळजवळ नव्हतेच.

सकाळी उठून पाहते तर काय, माळावर बारा इंचीच बारा इंची. सगळ्या उन्हापासून वाचायला चंदेरी चादरी पांघरून भाजायला ठेवलेल्या बटाट्यांसारख्या बसल्या होत्या. दाढ्या टोप्यांखाली घोरत होत्या. जो कुणी बोलत होता, तो दिवसाच्या आवाजात बोलत होता, आणि मला तर फक्त कुजबूज ओळखता येत होती.

मग मी कॉफीचा थर्मास घेऊन हिंडले. "जरा कुजबुजून म्हणता का... डोळा लाव, हात लावू नकोस?"

एक दाताचे डॉक्टर निघाले. त्यांनी ते इतकं सुंदर म्हटलं की मी आपोआप तोंड उघडलं. दुसऱ्यानं म्हटलं आणि तंबूतून त्याची बायको बाहेर आली. तिसरा म्हणाला, "पोरी, मी ऐंशीचा आहे, पण हरकत नाही."

दुपारी मावशी तंबू आवरायला लागली. "संध्याकाळी ढग येणार म्हणतात. ऊठ, ओमाहाला अंधाराआधी पोचू."

"मावशी, आजची एक रात्र."

"कशाला? बघायचं काय उरलंय?"

"काहीच नाही बघितलं गं... तोच तर घोळ आहे."

मावशीनं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या तंबूच्या खुंटीकडे, आणि ती खुंटी पुन्हा जमिनीत ठोकली. "देखणा आहे?"

"माहीत नाही."

"देवा!"

मेळाव्याची शेवटची रात्र. ढग अर्ध्या आकाशात येऊन थबकले, आपल्यालाही तिकीट लागतं की काय अशा चेहऱ्यानं. उरलेल्या अर्ध्या आकाशाखाली माणसं श्वास रोखून दुर्बिणींना चिकटली होती. मी तंबूभोवती फेऱ्या मारत होते. उद्या सगळे आपापल्या गावी जाणार. मग मी काय, ओमाहाभर थर्मास घेऊन हिंडू?

मी गाडीपाशी गेले. मावशीनं खुर्चीतून मान वळवली.

"थिया... नको हं."

मी दार उघडलं. पुरतं.

"दिवाऽऽ!"

"पुन्हा?"

"पकडा त्याला!"

ऐंशीचे आजोबा तर असं काही म्हणाले, जे मी लिहिणार नाही. मी डोळे घट्ट मिटून दार धरून उभी राहिले. गवत तुडवत पावलं धावत आली... आणि डोक्यावर घोंगडी पडली.

"तू वेडी आहेस का?" तो धापा टाकत कुजबुजला. "दिवसभर तुला शोधत होतो! हरणाचा स्वेटर, हरणाचा स्वेटर... लोकांना वाटलं, माझं हरीण हरवलंय."

"स्वेटर मावशीनं उशाला घेतला होता. तुझं नाव?"

"कॉर्बिन. तुझं?"

"थिया. डोळे मिटलेत?"

"घट्ट."

"मीपण. असं रे काय करतोय आपण?"

या वेळी पळता आलं नाही. बाहेर डोळे न दिपवणाऱ्या लाल कंदिलांचा घोळका जमला होता आणि सगळ्यांत पुढे मावशी उभी होती.

सकाळी आम्ही दोघं तव्यापाशी. लख्ख ऊन. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा जास्त बाहेर आलेला, नाकावर ठिपकेच ठिपके. तो माझं नाक नीट, सावकाश, एखादा दुर्मिळ ग्रह बघावा तसं बघत राहिला. पॅनकेक जळाला. रांगेतले डॉक्टर खाकरले.

दिवस उजाडला होता, तरी आम्ही अजून कुजबुजतच होतो.

"हात... लावू?" त्यानं विचारलं.

मी उलथणं डाव्या हातात घेतलं आणि उजवा पुढे केला.