भिंतीपलीकडचे ढेकूण

"थांबा! ओढू नका ती गादी!"

जिन्याच्या खालच्या वळणावरून आवाज आला आणि तिच्या हातातली गादी निसटून दोन पायऱ्या खाली घसरली.

दुपारची वेळ तिनं मुद्दाम निवडली होती. या वेळी इमारतीत माणसं एक तर कामावर असतात, नाहीतर झोपलेली. गादी खाली न्यायची, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी ठेवायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वर यायचं... एवढा साधा बेत होता.

आणि आता समोर हा तरुण. पाठीवर फवारणीची टाकी, गळ्यात लोंबणारा मास्क आणि निळ्या शर्टाच्या खिशावर शिवलेलं एक झुरळ. उताणं पडलेलं.

"जुनी झालीय," ती घाईघाईनं म्हणाली. "टाकायला नेतेय."

"ते दिसलं. पण अशी ओढत नेलीत तर प्रत्येक पायरीवर दोन-चार जण उतरतील."

"कोण... जण?"

त्यानं गादीच्या शिवणीकडे बोट केलं. शाईचं पेन झटकावं तसे बारीक काळे ठिपके शिवणीभर उडालेले होते. तिचे कान तापले.

"हळू बोला ना जरा!"

"मी अजून काहीच बोललो नाही."

"तेच. तसेच राहा."

तो हसला. हसताना त्याची मान किंचित एका खांद्याकडे कलली. मग त्यानं गादीचं एक टोक उचललं आणि म्हणाला, "चला, वर नेऊ. ओढायची नाही, उचलायची. खाली मी झुरळांसाठी आलोय, ती थांबतील थोडा वेळ."

ढेकूण घाणेरड्या घरातच होतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. घर झाडलेलं आहे की नाही, याच्याशी ढेकणाला काही देणंघेणं नसतं. झोपलेलं माणूस मिळालं की त्याला पुरे. तो कुणाच्या बॅगेतून येतो, कुणाच्या जुन्या सामानातून येतो. तिच्याकडे तो आला होता एका आरामखुर्चीतून. घर सोडून जाणाऱ्या कुणाकडून तिनं ती हौसेनं विकत घेतली होती, तिच्यात बसून पुस्तकं वाचायची म्हणून.

हे सगळं तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असलं म्हणून लाज थोडीच कमी होते? चष्म्याच्या दुकानात ती भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून बसायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना मनगट उघडं पडलं, की हात मागे घ्यायची.

त्यानं गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि फवारणीसाठी कधी येऊ, असं विचारलं.

"या. पण एक अट आहे," ती म्हणाली. "हा शर्ट घालून यायचं नाही."

"बरं. आणि टाकी?"

"पिशवीत घाला."

"एवढी पिशवी असते?"

"मी देते. आणि कुणी विचारलं तर सांगा, पंखा दुरुस्त करायला आलोय."

"पंख्याला औषधाचा वास कसा येईल?"

"तुम्ही फार प्रश्न विचारता हो!"

पण तो आला तो चौकड्यांचा शर्ट घालून, केस नीट विंचरून, टाकी पिशवीत घालून. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या.

काकू एकट्याच राहायच्या. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. जिन्यात हिची पावलं वाजली, की काकूंचं दार उघडायचं. "आलीस का गं बाळ?" हे ऐकल्याशिवाय तिला घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

"पंखा बिघडला वाटतं?" काकूंनी पिशवीकडे पाहत विचारलं.

"हो ना काकू. नुसता आवाज करतो."

काकू बोलता बोलता कोपर खाजवत होत्या. तिनं ते पाहिलं... आणि नजर वळवली.

दार लावल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "भिंत एकच आहे. मी नेहमी शेजारी विचारतो. फटींतून, वायरींतून ते पलीकडे जातात. विचारू का?"

"नको! प्लीज. त्यांना कळलं तर मी तोंड कसं दाखवू?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग बंद दाराकडे पाहिलं. पाना काढून पलंगाचे सांधे उघडायला लागला.

ती टॉर्च धरून बसली. तो प्रत्येक फटीत वाफेची नळी फिरवत होता.

"टॉर्च हलतोय."

"भीती वाटतेय मला."

"ढेकणांची?"

"नाही. तुम्ही मनात काय म्हणत असाल, त्याची."

"मनात म्हणतोय, या घरात ढेकणांपेक्षा पुस्तकं जास्त आहेत. याच्या उलट घरंही पाहिलीत मी." त्यानं नळी खाली ठेवली. "आणि माझ्याही घरात येतात, बरं का. बुटातून, पिशवीतून. आई मला दारातच कपडे बदलायला लावते."

"दारात?"

"म्हणजे... दाराच्या आत."

दोघांनी एकदमच पलंगाच्या पायाकडे बघायला सुरुवात केली. त्या पायात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

जाताना त्यानं सांगितलं, की अंडी राहिलेली असतात, म्हणून पंधरवड्यानं पुन्हा यावं लागेल. "यावंच लागेल?" तिनं विचारलं. "नियमच आहे," तो म्हणाला. एखादा नियम ऐकून एवढं बरं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.

मधल्या दिवसांत त्याचे मेसेज यायचे. 'पेशंट कसे आहेत?' ती लिहायची, 'दिसले नाहीत.' उत्तर यायचं, 'दिसले तर कळवा. नाही दिसले तरी कळवा.' ती फोन उशाशी ठेवून स्वतःशीच हसायची.

एका संध्याकाळी ती अशीच हसत होती, आणि भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. काकू फोनवर नातीशी बोलत होत्या. नातीला त्या ठमी म्हणत.

"नाही गं ठमे, या रविवारी नको. आजीच्या अंगावर काहीतरी उठलंय. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी. पण ॲलर्जी अशी रोज नवी उठते का? तुला लागलं म्हणजे? ...रडू नकोस. मी फोनवर गोष्ट सांगते ना."

आणि काकू गोष्ट सांगू लागल्या. पातळ भिंतीतून ती शब्दन् शब्द ऐकू येत होती. हिचं हसू केव्हाच गेलं होतं. आत्ता उठावं, दार वाजवावं... ती उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. आणि परत येऊन बसली. उद्या सांगू. उद्या दुकानातून आल्यावर. मग तो उद्या रोज पुढे जात राहिला, आणि "आलीस का गं बाळ?" ऐकू आलं की ती "दमले हो काकू" म्हणून घरात पळायला लागली.

दुसऱ्या फवारणीला त्यानं सगळी खोली तपासली. पलंग कोरा, गादी कोरी. मग त्यानं भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला आणि टॉर्च अगदी जवळ नेला.

"काय झालं?"

"हे नवे आहेत. पलीकडून आलेत."

"म्हणजे आधी माझ्याकडून तिकडे गेले."

त्यानं टॉर्च विझवला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि एक बारीक आवाज आला, "आजी, मी चित्र काढलंय!" दोघांनी दाराच्या फटीतून पाहिलं. काकूंची लेक सामानाची पिशवी घेऊन आली होती, बरोबर ठमी. काकू अर्धवट उघड्या दारामागे उभ्या होत्या.

"तिथं खाली ठेव, राणी. आजी मग उचलेल."

"हातात घे ना."

"नको गं. तू गेलीस की घेते."

चित्र धरायला पुढे आलेला आणि तसाच मागे गेलेला काकूंचा हात त्या दोघांनाही दिसला. त्यावर लाल पुरळ होतं, एका ओळीत. ठमीनं चित्र उंबऱ्याबाहेर ठेवलं. मायलेकी जिना उतरल्या.

त्यानं दार लोटलं आणि हातमोजे काढले.

"तुम्हाला माहीत होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. रागावेल, असं तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मलाही माहीत असायला हवं होतं," तो म्हणाला. त्याची मान कुठेही कलली नव्हती, ती सरळ खाली गेली होती. "पहिल्याच दिवशी त्यांचं दार वाजवायला हवं होतं. प्रत्येक ठिकाणी वाजवतो. तुम्ही नको म्हणालात आणि मला... तुमचा शब्द मोडवेना. कामात असं कधी केलं नव्हतं मी."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे म्हणजे... मला तुम्ही आवडलात, त्यामुळे. चूक माझीच आहे."

किती दिवस हे शब्द ऐकायची वाट पाहिली होती तिनं! आणि ऐकले ते असे, की वर बघायची सोय नाही.

"त्यांना मी सांगू?" त्यानं विचारलं. "माझं कामच आहे ते."

"नको," ती म्हणाली. मग घाईनं म्हणाली, "म्हणजे, मी सांगते. तुम्ही फक्त इथं दारात उभे राहा."

काकूंनी दार उघडलं. ठमीचं चित्र त्यांच्या हातात होतं.

"काकू, तुम्हाला काहीही झालेलं नाही. कुणाला काही लागणार नाही. ते ढेकूण आहेत. माझ्या खुर्चीतून आले, माझ्याकडून तुमच्याकडे आले."

काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आजच कळलं, असं म्हणता आलं असतं.

"ठमीला तुम्ही येऊ नको म्हणालात ना... ते भिंतीतून ऐकलं मी. तेव्हाच कळलं."

"ऐकलंस?" काकूंचा आवाज अगदी बारीक झाला. "अगं, मला वाटलं माझं अंग सडतंय. पोरीला जवळ घ्यायची चोरी झाली मला. आणि तू पलीकडे बसून ऐकत होतीस?"

"हो."

दार बंद झालं. आपटलं नाही, हळूच बंद झालं. तेच तिला जास्त लागलं.

ती तिथंच उभी राहिली. तोही हलला नाही. बऱ्याच वेळानं दार पुन्हा उघडलं. काकूंनी डोक्याला रुमाल बांधला होता.

"उभी काय राहिलीस? कपाट मला एकटीला सरकत नाही. आणि त्या पंखेवाल्याला आत बोलाव."

सगळी दुपार तिघं राबली. काकू कामापुरतंच बोलत होत्या. बाळ म्हणत नव्हत्या. ते तिनं निमूट सोसलं. कपाट ओढताना त्याचा एक पाय निसटला आणि ती ओरडली, "अरे, धर ना नीट! माझा पाय जाईल!"

कपाट जिथल्या तिथं थांबलं.

"सॉरी," ती म्हणाली. "तुम्ही... धरा."

"नाही, आधीचंच बरं होतं," तो कपाटामागून म्हणाला.

काकूंनी कपडे उकळत्या पाण्यात टाकताना दोघांकडे एकदा पाहून घेतलं.

पुढच्या पंधरवड्यानं दोन्ही घरं कोरी निघाली. आता यायला काही नियम उरला नव्हता. तरी रविवारी तो आला. टाकी नव्हती, पिशवी नव्हती. काकूंचं दार सताड उघडं होतं. ठमी आजीच्या मांडीवर पसरली होती आणि लेक उंबऱ्याशी बसली होती.

"हे कोण?" लेकीनं विचारलं.

काकूंना सगळं ठाऊक होतं. नातीच्या केसांतून बोटं फिरवत त्यांनी नुसतं हिच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

तिचे कान तापले. पंख्याचं सोपं खोटं जिभेवर आलंच होतं. ते तिनं गिळलं.

"माझ्या घरात ढेकूण झाले होते," ती मोठ्यानं म्हणाली, वरच्या मजल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "आधी त्यांच्यासाठी येत होता. आता माझ्यासाठी येतो."

आता लाल व्हायची पाळी त्याची होती. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्याला कळेना. त्यातला एक तिनं धरला.