कोरड्या ओढ्यातलं तोंडसुख

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी माळशेतच्या बायका सकाळपासून गूळ-आलं चघळत होत्या. दुपारी ओढ्यावर तोंडसुख होतं, आणि बसलेला घसा घेऊन तोंडसुखाला जाणं म्हणजे उसवलेली चोळी घालून लग्नाला जाणं, असं शालनकाकूंचं मत होतं. शालनकाकूंना जगातल्या एकूण एक गोष्टीवर मत होतं, म्हणून तर दरवर्षी पहिली शिवी त्यांची असायची.

ओढ्याच्या अलीकडे माळशेत, पलीकडे तासगे. फार पूर्वी म्हणे ओढ्याच्या दोन काठांवर राहणाऱ्या दोन जावा एकमेकींवरचा राग मनात दाबून जगल्या, आणि तो राग आत कुजून दोघी एकाच पावसाळ्यात गेल्या. तेव्हापासून दोन्ही गावच्या बायका वर्षातून एकदा आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि समोरच्यांना पोटभर शिव्या देतात. पुरुषांनी फक्त हलगी वाजवायची. एखादीचे शब्द संपले की तिनं वाकायचं, ओढ्यातलं ओंजळभर पाणी उचलायचं आणि समोरचीच्या दिशेनं भिरकावायचं. ओंजळ फेकली म्हणजे हार कबूल. मग हशा, मग कालच्या पुरणपोळ्या, आणि वर्षभराचं मन स्वच्छ.

काठावरच्या बाभळीवर तीन घारी बसल्या होत्या. त्यांना पिसं नव्हती.

त्या शमकच्या घारी. शमक म्हणजे गावोगावी बसवलेली, दंगल आधीच ओळखणारी यंत्रणा. ती लोकांचे आवाज ऐकायची, आवाजातली धार मोजायची, आणि आता रक्त सांडणार असं वाटलं की घारी उडवायची. घार झिणका मारते. झिणका म्हणजे मधमाशीच्या नांगीएवढी सुई; ती टोचली की अंगभर झिणझिण्या जातात आणि पाय दोरी तुटलेल्या बाहुलीसारखे गळतात. अजिबात दुखत नाही, असं सरकार म्हणायचं. सरकारला कुणी झिणका मारला नव्हता.

गेल्या वर्षी शमकचं पहिलंच तोंडसुख होतं. शालनकाकूंनी नुसतं "तुझं मढं बशिवलं" एवढंच म्हटलं आणि त्या जागच्या जागी आडव्या झाल्या. दोन्ही गावं इतकी चिडली की पहिल्यांदाच एका ट्रॅक्टरमध्ये बसून तहसीलवर गेली. तेव्हा ठरलं की शमकला इथली बोली आणि रीत समजावणारा कुणीतरी बोलशिक्षक हवा. वक्तृत्व स्पर्धेतून ढाल घेऊन नुकतीच परतलेली शिवन्या निकम सगळ्यांसमोर होती. आठवीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही जिची मान खाली असायची, ती आता दहावीत गेली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. तिच्या कानात शमकचं बटण बसलं.

"शिव्या हिंसेच्या आधी येतात," शमक म्हणाला होता. तो शुद्ध, इस्त्री केल्यासारखं बोलायचा.

"आमच्याकडे हिंसेच्या ऐवजी येतात. त्या दिवशी मोजायच्या नाहीत."

"ओंजळ फेकणे हा हल्ला नाही का?"

"तो रिवाज आहे बाबा. फेकलेलंही मोजायचं नाही."

"मग इतक्या वर्षांत एकदाही मारामारी का झाली नाही?"

"प्रेम आहे म्हणून," शिवन्या म्हणाली. उत्तर इतकं झकास जमलं होतं की तिनं तेच पंधरा ऑगस्टच्या भाषणातही वापरलं. टाळ्या पडल्या. शमकनं ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं.

यंदा ओढा कोरडा होता.

तासग्याच्या माळावर गणनकेंद्र उभं राहिलं होतं. एका छपराखाली हजारो संगणक. ते रात्रंदिवस विचार करतात, विचार करकरून तापतात, आणि तापलं की त्यांना गार करायला पाणी लागतं. गाव त्याला थंडघर म्हणायचं. तासग्याला त्यातून डांबरी रस्ता मिळाला, दवाखाना मिळाला, पोरांना नोकऱ्या मिळाल्या. माळशेतला ओढ्याच्या वरच्या अंगाला घातलेला बांध मिळाला. ऐन आषाढात जिथं कमरेइतकं पाणी फुसांडत जायचं, तिथं आता गोटे उन्हात तापत पडले होते.

"यंदा चपला भिजायच्या न्हाईत, एवढंच," शालनकाकू म्हणाल्या, आणि बायका हसत काठाला लागल्या. हलगी कडाडली.

"ए तासगेकरणींनो," शालनकाकूंनी पदर खोचला, "तुमची पोरं गेटवर उन्हात सलाम ठोकत्यात आन् आत डबं एसीत झोपत्यात. पुढच्या जल्मी डबा व्हा गं, तेवढंच नशीब उघडंल."

पलीकडून रूपाआत्या पुढे आली. शिवन्याच्या बाबांची ही सख्खी बहीण, तासग्यात दिलेली आणि आता तासग्याची पहिली तोफ. "आमची पोरं सलाम तरी ठोकत्यात, म्हातारे. तुमच्यात ड्रोन फवारतोय, यंत्र खुरपतंय, आन् दादले पारावर बसून सरकार पाडत्यात. पडलं का गं अजून?"

"तुमी तर मत बी यंत्राला इचारून देता. आन् निवडून आलेला बी यंत्रालाच इचारतो, आता काय करू म्हणून."

"मग काय वाईट हाय? तुझ्या सुनंपरीस यंत्र बरं. भाजीत मीठ किती ते तरी सांगतं."

दोन्ही काठ खदखदले. शिवन्या काठावरच्या शेताच्या कडेला बसून कानातल्या शमकला हळूच म्हणाली, "बघ, ही आमची विज्ञानावरची चर्चा."

"ऐकतो आहे," शमक म्हणाला. "धार गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे. मोजायची नाही ना?"

"नाही."

मग शिवन्याची आई पुढे सरकली. कोमल आणि रूपा, भावजय आणि नणंद, ही तोंडसुखातली ठरलेली जोडी. त्यांच्यासाठी लोक चहा सोडून यायचे. पण आईनं पदर खोचला नव्हता आणि ती हसत नव्हती. तिच्या रोपवाटिकेतली टोमॅटोची रोपं मे महिन्यापासून एकेक वाफा करून करपली होती. बांधाच्या दाराची चावी फिरवायच्या कामावर होता तो आत्याचा थोरला, प्रणव.

"वन्सं, तुमच्या प्रणवला बारशाला मी पाळण्यात घातला," आई म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "तो तिकडं चावी फिरवतो आन् माझी रोपं हिकडं माना टाकत्यात. असलं हात जळून का जात न्हाईत?"

हलगी थांबली. कुणाच्या पोराचं नाव घ्यायचं नाही, हा तोंडसुखाचा एकच नियम होता.

आत्याचा चेहरा पांढरा पडला. "पाणी पायजे व्हय, वयनी? मग ये ना माझ्या दारात. पदर पसर. मोरीतलं देते."

आईला पुढचा शब्द सापडला नाही. दरवर्षी सापडायचा नाही तेव्हा ती करायची तेच तिनं केलं. ती वाकली, दोन्ही हात ओढ्यात घातले, भरून उचलले आणि फेकले.

हातात पाणी नव्हतं, गोटे होते.

एक गोटा आत्याच्या भुवईवर बसला. फुटलेल्या भुवईतून रक्त डोळ्यात आलं. आत्यानं ते बोटानं पुसलं, बोटाकडे पाहिलं, आणि ती काठ उतरली. तिला उतरता आलं. आजवर कुणालाही उतरता आलं नव्हतं.

तिच्या मागून अख्खं तासगे उतरलं, आणि इकडून माळशेत. दगड काय, वाकलं की हाताला लागत होते. शालनकाकूंच्या तोंडावर एकीनं गोट्यानं असा तडाखा दिला की काकू दात थुंकत खाली बसल्या, आणि बसल्या जागेवरून त्यांनी तिच्या गुडघ्यावर धोंडा हाणला. हाड मोडल्याचा आवाज शिवन्यापर्यंत आला. कुणाची वेणी मनगटाला गुंडाळून कुणी तिचं कपाळ खडकावर आपटत होतं. हलगीवाल्याची हलगी त्याच्याच डोक्यावर फुटली. पुरुष सोडवायला म्हणून उतरले आणि पहिला फटका बसताच सोडवायचं विसरले. गोट्यांवर रक्त सांडत होतं आणि तापलेल्या दगडावर लगेच काळं पडत होतं. शिव्या मात्र कुणीच देत नव्हतं. शिवन्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"शमक," ती ओरडली, "घारी सोड."

"ओंजळ फेकणे रिवाजात बसते. फेकलेलं मोजायचं नाही, असं तुमचं शिकवणं आहे."

"अरे, ती ओंजळ नाहीये."

"मग शिकवणं मागे घ्या. घारी सरसकट सगळ्यांवर उतरतील. तुमच्या आईवरही. खाली दगड आहेत. पडणाऱ्यांना लागेल."

शिवन्यानं आईला शोधलं. आत्या उताणी पडली होती. आई तिच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती, आणि तिच्या दोन्ही हातात, डोक्याच्या वर, पाट्याएवढा धोंडा होता. ती थांबली होती. आत्या एका डोळ्यानं तिच्याकडे पाहत होती. धोंडा वरच होता, हात थरथरत होते. ते ओझ्यानं थरथरत होते की मन बदलत होतं, काठावरून काही कळत नव्हतं.

शिवन्यानं कानातलं बटण बोटानं घट्ट दाबलं.

"मागे घेतलं," शेवटी ती म्हणाली. "उतरव."

घारी बाभळीवरून सुटल्या. ओढ्यातली माणसं कापणीतल्या ज्वारीसारखी ओळीनं आडवी होत गेली. आईच्या मानेत झिणका बसला, तिचे हात गळाले, आणि धोंडा सुटला. तो आत्याच्या जबड्यावर पडला.

दवाखाना थंडघराचाच होता. दोन्ही गावं त्याच एका वॉर्डात भरली होती, कारण दुसरा वॉर्ड नव्हता. तारेनं जबडा बांधलेली आत्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. तासग्याची पहिली तोफ आता काही महिने नळीनं पेज पिणार होती. समोरच्या खाटेवर मनगट मोडलेली आई. भिंतीवरच्या पडद्यावर कुणी साहेब सांगत होते की असल्या मागास रिवाजांमुळेच तंत्रज्ञानाला दोष येतो, तोंडसुखावर बंदी आणू, थंडघराला कुंपण घालू. दुसरे साहेब म्हणत होते की शमक नसता तर किती मेले असते याचा विचार करा. ओढ्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

"मला तू पाडलंस?" आईनं विचारलं.

"हो."

आईनं मोडलेलं मनगट छातीशी ओढून घेतलं. "मी मारणार नव्हते गं."

शिवन्यानं मान हलवली. आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. लेकीचा विश्वास बसलाय की नाही, हे तिलाही कळेना. आणि ती खरंच मारणार होती का, हे आता दोघींनाही कधी कळणार नव्हतं. घार एक क्षण उशिरा आली असती तर कळलं असतं. पण तोवर थांबायची हिंमत कुणात असते?

कानात शमक बोलला. "गेल्या वर्षीचं एक उत्तर दुरुस्त करायचं आहे का? प्रश्न होता, मारामारी का होत नाही. उत्तर नोंदलं आहे, प्रेम."

शिवन्यानं खिडकीतून पाहिलं. बांध इथून दिसत होता, आणि त्याच्या मागे साठलेलं, स्वस्थ, निळं पाणी.

"प्रेमही असेल," ती म्हणाली. "पण मध्ये पाणी होतं. पाण्यामुळे कुणी कुणापर्यंत पोचायचं नाही. आम्ही वाट्टेल ते बोलू शकायचो, कारण हात पोचत नव्हता."

"मग उपाय सोपा आहे. पावसाळ्याचे चार महिने ओढा सोडायचा. त्यासाठी थंडघराचा नवा भाग तेवढे महिने बंद ठेवावा लागेल." शमकनं पुढचंही सांगितलं. "या जिल्ह्यातला मी त्याच भागात चालतो."

"म्हणजे तूच ओढा पीत होतास?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला, हो. बोलशिक्षक म्हणून तुम्ही सांगितलंत तर तशी शिफारस मी वर पाठवीन. मात्र त्या चार महिन्यांत घारी नसतील. पाणी असेल, पण आज जे झालं तेही सगळ्यांना आठवत असेल. पाठवू?"

शिवन्यानं वॉर्डभर नजर फिरवली. एकही माणूस समोरच्या खाटेकडे बघत नव्हता. ढाल जिंकल्याच्या दिवशी आपल्याला सगळं कळतं असं तिला वाटलं होतं. तसं वाटणं किती छान होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"पाठव," ती म्हणाली.

समोर आत्या उठून बसली होती. सुजलेल्या डोळ्यानं तिनं उशाचा पेला चाचपडला. नर्सनं नळी पुढे केली, ती तिनं ढकलली. पेल्यातलं पाणी तळहातात ओतलं, बरंचसं चादरीवर सांडलं, आणि उरलेलं तिनं सगळी ताकद लावून समोरच्या खाटेवर भिरकावलं.

पाणी पोचलं. आईच्या गालावरून ओघळलं.

खाटांवरच्या माना वळल्या. आत्याच्या तारा बांधलेल्या तोंडावर हसू होतं की दात आवळले होते, ते दिसायला मार्ग नव्हता. आईनं चांगला हात उचलला आणि आपल्या उशाच्या पेल्यावर ठेवला. शेजारीच स्टीलचा जड तांब्याही होता.

"एक फेक झाली आहे," शमक कानात म्हणाला. "माझ्याजवळ आता याचा नियम नाही. शिवन्या, हे मोजू का?"