राजाच्या डोक्यावर लाल दिवा

देसाईगंजच्या त्या नाटक मंडळीत आता प्रत्येक नटाच्या डोक्यावर एक दिवा तरंगत असे. कपाळाला बांधलेली पट्टी मनातला भाव मोजायची. मन निर्मळ असेल तर दिवा हिरवा, पाप असेल तर लाल. प्रेक्षकांची मोठीच सोय झाली. शेंगांची टरफलं कोणावर फेकायची, हे कळायला नाटक ऐकायची गरज उरली नाही. एकदा गंमत म्हणून शेळीला पट्टी बांधली, ती हिरवी निघाली. मग प्रमुख पाहुण्यांना बांधली. तेव्हापासून पाहुणे खालीच बसतात.

अडचण एकच होती, डोमाजीकाका. मंडळीच्या जुन्या शोकांतिकेत ते तीस वर्षं सेनापती करत आले होते. गादीच्या हव्यासापायी झोपलेल्या राजाला मारणारा सेनापती. आणि ऐन खुनाच्या क्षणी त्यांचा दिवा हिरवागार. त्यांना राजाची दया यायची.

"तक्रारी येऊन राहिल्या, काका," मॅनेजर वाढई म्हणाले. "खुनी हिरवा, मेलेला हिरवा. लोकांनी राग काढायचा कोणावर, पडद्यावर?"

मग सगळ्या नटांच्या हातात सेनापतीचा खंजीर देऊन पाहिला. काकांच्याच हाताखाली शिकलेला प्रल्हाद शेंडे लाल झाला. इतका लाल, की वाढईंनी त्याला मिठी मारली. काकांना राजा दिला.

"मशीन आहे, काका. काही बी दाखवते," प्रल्हाद म्हणाला.

"नाही गा. तुले पाहिजेच होतं न ते काम," काका हसत म्हणाले.

मंडळीचा रिवाज होता, पडदा उघडण्याआधी मारणाऱ्यानं मरणाऱ्याचे पाय धरायचे. काकांनी राजा झालेल्या कालच्या पोरांचेही धरले होते. आज प्रल्हाद वाकला आणि काकांनी पाय मागे घेतले.

"उशीर होते," म्हणत ते मोजड्या शोधू लागले. मोजड्या पायातच होत्या.

खुनाचा प्रवेश आला. प्रल्हाद खंजीर उगारून पलंगापाशी गेला, काकांच्या पिकल्या मिशांकडे पाहिलं, आणि त्याचा दिवा हिरवा झाला. त्याच वेळी उशीवर लाल उजेड पडला. झोपलेल्या राजाच्या डोक्यावरून.

प्रेक्षक क्षणभर गोंधळले. मग त्यांची समजूत पटली. राजाच नालायक होता तर. पुठ्ठ्याचा खंजीर खाली आला आणि टाळ्या थांबेनात. काकांनी त्या सगळ्या डोळे मिटून ऐकल्या.

विंगेत वाढईंना आनंद मावत नव्हता. "काका, हा लाल इतकी वर्षं कुठं लपवला होता? उद्यापासून सेनापती तुमीच. प्रल्हाद राजा."

ते गेल्यावर प्रल्हादनं खंजीर पुढे केला. "घ्या. तुमचाच होता."

काकांनी घेतला नाही. "पडल्या पडल्या वाटलं, तू वाक्य विसरावं. मंग वाटलं, तू मरावं."

"खेळातलं मनावर घेऊ नका, काका."

"खेळ तू करत होता गा. मी तर नुसता झोपलो होतो."

मग काका मोठ्या कष्टानं खाली बसले आणि उद्याचे पाय त्यांनी आजच धरले. प्रल्हादनं ते मागे घेतले नाहीत.

"वर पाहून सांग," काका मान न उचलता म्हणाले, "हिरवा झाला का रे?"