तारा कोणी पुसला?

शाइस्तानं फाईल उघडली अन् तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तारा गायब होता.

नांदुऱ्याच्या त्या दवाखान्यातली रेकॉर्डची खोली म्हणजे फायलींचा डोंगर. आत शिरलेला उंदीर म्हणे म्हातारा होऊनच बाहेर निंघे. पण शाइस्ताले फाईल न् फाईल तोंडपाठ. पेशंट घरी गेला की डॉक्टरचं लिहिणं वाचायचं अन् आजाराचा नंबर पहिल्या पानावर पेन्सिलनं टाकायचा, हे तिचं काम. डॉक्टर अनुपमा मॅडमनं तपासून वरून पेन फिरवला की नंबर पक्का.

ही फाईल पूनमची. तिच्या पानावर शाइस्तानं आठ दिवसांपूर्वी दोन नंबर टाकले होते, मॅडमचा पेन अजून फिरायचा होता. पहिला जे-१०.८, म्हणजे फ्लू अन् त्यानं फुफ्फुस सोडून दुसराच अवयव धरला. तो अवयव कोणता, हे दुसरा नंबर सांगे. आय-४१.१, शेवटी तारा. हृदयाच्या स्नायूले सूज. खोली झाडाले आलेल्या गोजरबाईनं तवा विचारलंही होतं, "हा तारा कायचा वं बाई?" शाइस्तानं हौसेनं सांगतलं होतं, "हृदयाचा."

आता पहिला नंबर तेवढा जाग्यावर होता. दुसऱ्याच्या जागी खोडल्याचा मळकट डाग. हृदयाच्या सोनोग्राफीचा फोटोही नव्हता.

"झालं का ताई?" भागवतनं दारातून मुंडकं काढलं. फिटनेसचे दाखले तोच तयार करे. "पूनमची दोनची एस्टी हाये. उद्या बुलढान्याले पोलीस भरती, आठशे मीटर धावनं हाये तिले. नुसता फ्लू तर होता. मॅडम नाहीत तर नवे डॉक्टर सही करून देतात."

"नुसता फ्लू नाही बे! हृदयाले सूज होती तिच्या. अशी पोरगी धावली तर मैदानातच..." शाइस्तानं फाईल त्याच्यासमोर धरली.

"मंग कागदावर कुठी हाये? मॅडमनंच खोडलं असन. चुकलं असन तुमचं."

शाइस्तानं मोबाइल काढला. मॅडम रेल्वेत, फोन लागेना. मॅडमनं खोडलं असन तर पोरगी बरी. दुसऱ्या कोणी खोडलं असन तर पोरगी उद्या मरणाच्या मैदानात. अन् घड्याळात एक वाजून गेला होता.

तिनं खिडकीतून पाह्यलं. पूनम आवारात निंबाभोवती पळून राह्यली होती.

"पूनम! थांब! या अल्ला, थांब म्हनते न!"

पूनम आत आली. कपाळावर घाम, ओठ पांढुरके.

"तुले काय झालं होतं, कोनी सांगतलं?"

"फ्लू. बाकीचं मॅडमनं आत्याले सांगतलं. पेशंटले कोन सांगते ताई? घरच्या मोठ्या मानसालेच सांगतात."

"बी.ए. झाली न तू? फाईल वाचली होती?"

"हातात कोन देते? वाचली असती तर मले माहीत नसतं का?"

"जिना चढताना दम लागते?"

"नाही." पण तिचा हात छातीवर गेला अन् तिथंच राह्यला.

पूनमची आत्या म्हणजे तीच गोजरबाई, दवाखान्यातली आया. आईबापावेगळ्या पोरीले तिनंच लहानाची मोठी केली होती. शाइस्तानं तिले दारात बोलावलं.

"मावशी, मॅडमनं काय सांगतलं तुमाले?"

"फ्लू."

"अजून?"

"मॅडम इंग्रजीत बोलतात, मी हाव-हाव म्हनतो. मले सोताचं नाव लिहिता येत नाही माय. माह्या अंगठ्यालेच माह्यापेक्षा जास्त शिक्षन!"

भागवत हसला. शाइस्ता हसली नाही. ती परत फायलीत घुसली. एकेक पान उलटलं. मधल्या एका पानावर मॅडमचं अक्षर होतं. ते तिनं दोनदा वाचलं.

मग तिनं भागवत अन् गोजरबाईलेही आत घेतलं अन् दार लोटलं.

"तारा मॅडमनं पुसला नाही," ती म्हणाली. "हृदय बरं निंघालं असतं तर मॅडमनं पहिला नंबरही बदलला असता. दहा पॉइंट आठ एकटा राहूच शकत नाही, त्याले जोडीदार लागतेच. अन् हे पान पाहा. मॅडमनं लिहिलं हाये, तीन महिने पळनं बंद."

"म्हंजे मी खोडलं?" भागवत तडकला. "मले काय करनं हाये!"

"तू नाही. तुले वाचता येते. तू असता तर पहिले हे पान फाडलं असतं. पूनमनंही तेच केलं असतं. पन खोडनाऱ्यानं हे पान सोडलं, पहिला नंबर सोडला. नेल्या फक्त दोन गोष्टी. तारा अन् फोटो. म्हंजे न वाचता जे ओयखू येते, तेवढंच." तिचा आवाज खाली आला. "अन् ताऱ्याचा अर्थ मी एकाच मानसाले सांगतला होता. काऊन केलं मावशी?"

गोजरबाईनं पूनमकडं पाह्यलं.

"मी वाईट काय केलं वं? पोरीची दृष्ट काढली. मीठ-मिरच्यासंगं तो फोटो तिच्यावरून उतरवला अन् चुलीत घातला. मिरच्याचा ठसकासुदिक नाही आला! एवढी मोठी नजर होती. मनलं, कागदावरून आजार गेला की अंगातूनही जाते. हृदयाचं नाव लागलेल्या पोरीले वर्दी कोन देते? सासर कोन देते?"

पूनम भिंतीले टेकली. "आत्या, मले काऊन नाही सांगतलं?"

"तू भेली असती माय."

"अन् आता नाही भेत का मी?" तिनं परत छातीवर हात ठेवला. "रातच्याले छातीत कबुतर फडफडल्यावानी होते. मले वाटे, भरतीची भीती असन. मी उद्या पळाली असती आत्या. जीव खाऊन पळाली असती."

भागवतनं हातातला दाखला फाडला, चार तुकडे केले, तरी त्याले तो फाडायचाच होता.

दोन वाजता एस्टी गेली. पूनम तवा चाकाच्या खुर्चीवर होती अन् गोजरबाई ती खुर्ची अशी ढकलत होती जशी डोक्यावर काचेचा हंडा हाये.

तपासणीच्या खोलीचं दार लागलं. शाइस्ता बाहेर उभी राहून दुवा पुटपुटत होती. अर्ध्या तासानं नवे डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. मागून पूनमची खुर्ची आली.

"सूज अजून आहे. बरं झालं थांबवलं. दाखल करावं लागेल, पण पोरगी वाचली," ते शाइस्ताले म्हणाले. मग सवयीनं त्यांनी गोजरबाईले बाजूले बोलावलं अन् आवाज बारीक केला, "हे पाहा मावशी, तिच्यासमोर नको, पण..."

गोजरबाईनं डोळ्याले पदर लावला अन् दुसऱ्या हाताचं बोट पूनमकडं केलं.

"तिले सांगा," ती म्हणाली. "मी आयकतो इथूनच."