एका बाकावर दोन पक्ष

शाळेच्या व्हरांड्यात बाक एकच होता आणि मतपेटीवर पाळत ठेवणारे आम्ही दोघं. मी होडी पक्षाची, तो दिवा पक्षाचा.

“जरा सरकता का?” तो म्हणाला. “तुमच्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय मला.”

“लक्ष पेटीवर ठेवायचं असतं.”

“पेटी तुमच्याच पलीकडे आहे… माझा काय दोष?”

नाव कोबिना. आमच्याकडे नाव जन्मवारावरून ठेवतात; तो मंगळवारी जन्मलेला. मीही मंगळवारचीच, म्हणून आराबा. एवढ्या भांडवलावर त्याने सकाळभर गप्पा रेटल्या. खाऱ्या वाऱ्याने त्याची मतदारयादी उडायची आणि दर वेळी माझ्याच पायाशी पडायची. वारा इतका नेमका नसतो, हे मी मनात टिपून ठेवलं.

दुपार टळली तरी दोघंही उपाशी. पेटी समोरच्या पक्षाच्या हवाली करून उठणार कोण? शेवटी तोच हळूच म्हणाला, “तू जेवून ये. मी बघतो.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं… मी गेले. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी कशीबशी घशाखाली ढकलून परतले, तर पेटीचं सील जसंच्या तसं. प्रेमात पडायला मला तेवढं पुरलं.

संध्याकाळी मोजणी झाली. होडी तीनशे अकरा, दिवा दोनशे चार. त्याने कुरकुर न करता सही केली, शेजारी मी. एकाच कागदावर आमची नावं. एक प्रत मी घरी आणली आणि दहादा तरी उघडून पाहिली.

आठवड्याने जिल्ह्याचा निकाल लागला. आमच्या केंद्रावर दिवा तीनशे अकरा, होडी दोनशे चार. खाली कोबिनाची सही. माझ्या नावापुढे ‘गैरहजर’.

मी त्याला किनाऱ्यावर गाठलं. त्याने नाकारलं नाही. दुसऱ्या कागदावर सही केली तर शिक्षकाची नोकरी, असं पक्षाने कबूल केलं होतं.

“नोकरीशिवाय तुझ्या बाबांचं दार कसं ठोठावू, आराबा? तुझ्यासाठीच केलं.”

“शिकवणार काय?”

“नागरिकशास्त्र.”

आमच्या पक्षाच्या वकिलाला माझी प्रत सोमवारी कोर्टात हवी होती. कोबिनाने ती मागितली नाही. तो फक्त आदल्या दिवशी, रविवारी, आपल्या मामांना घेऊन मागणी घालायला आला. होणाऱ्या नवऱ्याला कोण कोर्टात खेचतं, एवढा हिशेब त्यालाही येत होता.

मागणीच्या मानाच्या दोन दारूच्या बाटल्या मांडल्या गेल्या. त्या घ्यायच्या की नाही, हे बापाने मुलीला तीनदा विचारायचं, अशी आमची रीत. माझे बाबा मतदानाला पाच तास उन्हात उभे होते. तीनशे अकरांतले एक.

“घेऊ ना गं, आराबा?”

कोबिना माझ्याकडे बघत होता.

“नको, बाबा.”

सगळे हसले. लाजली, म्हणाले. दुसऱ्यांदाही मी ‘नको’च म्हटलं. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

मामांनी बाटल्या उचलल्या. दारात कोबिना थांबला.

“उद्या… तो कागद देणार तू?”

“हो.”

माझ्या तोंडचं ‘हो’ ऐकायलाच तर आला होता तो.